विक्रमाला साक्ष समुद्राची
होनोलुलूचा जलतरणपटू ड्यूक कहानामोकू : हौशी खेळाडूच्या ताठ कण्याची कहाणी

११ ऑगस्ट १९११ रोजी हवाई बेटांवरील होनोलुलू बंदरात, धक्क्यांच्या मधल्या खाऱ्या पाण्यात, हौशी जलतरणपटूंची एक स्पर्धा झाली. तलाव नव्हता, भिंती नव्हत्या, वळणेही नव्हती. पाण्यात आखलेल्या १०० यार्डांच्या शर्यतीत एकविशीला तेरा दिवस कमी असलेला एक उंचापुरा तरुण उतरला आणि ५५.४ सेकंदांत पलीकडे पोहोचला. अमेरिकेचा नामांकित ऑलिम्पिक विजेता चार्ल्स डॅनियल्स याच्या नावावर असलेल्या विक्रमापेक्षा ही वेळ तब्बल ४.६ सेकंदांनी कमी होती. जलतरणात विक्रम मोडतात ते सेकंदाच्या अंशांनी. इथे तर जुना विक्रम पार मागे पडला होता.

बेटांवर जल्लोष झाला. मात्र हौशी खेळांचा कारभार ज्या संस्थेच्या हाती होता, त्या अमॅच्युअर अॅथलेटिक युनियनच्या अमेरिकेतील पदाधिकाऱ्यांनी या विक्रमावर शिक्कामोर्तब करण्यास नकार दिला. बेटावरच्या पंचांनी स्टॉपवॉचऐवजी गजराची घड्याळे वापरली असावीत, अशी खिल्ली उडवली गेली. पुढे बंदरातल्या प्रवाहाने पोहणाऱ्याला हात दिला असावा, असाही तर्क लढवण्यात आला. महासागराच्या मध्यावर वसलेल्या, नुकत्याच जोडून घेतलेल्या एका दूरच्या प्रदेशात जगातला सर्वांत वेगवान जलतरणपटू निपजू शकतो, ही गोष्ट त्यांच्या पचनी पडत नव्हती.

त्या तरुणाचे नाव ड्यूक कहानामोकू. आज जग त्याला सर्फिंगचा जनक म्हणून ओळखते. समुद्रकिनाऱ्यावरील त्याचे पुतळे, त्याच्या नावाच्या स्पर्धा, त्याचे टपाल तिकीट या साऱ्यांत लाटेवर स्वार झालेला ड्यूकच दिसतो. परंतु त्याच्या आयुष्याचा खरा कस लागला तो जलतरणात. सुमारे दीड तप तो घड्याळाशी झुंजला, तिशी ओलांडल्यावरही झुंजत राहिला आणि या झुंजीचा एक पैसाही त्याने घेतला नाही.

ड्यूक ही त्याची पदवी नव्हती, ते त्याचे नाव होते. १८६९ मध्ये ब्रिटिश राजपुत्र, एडिंबराचा ड्यूक, हवाईच्या भेटीवर आला. त्याच सुमारास जन्मलेल्या एका मुलाला या भेटीची आठवण म्हणून ‘ड्यूक’ हे नाव देण्यात आले. त्या मुलाने मोठेपणी तेच नाव आपल्या थोरल्या मुलाला दिले. तो थोरला मुलगा म्हणजे आपला कथानायक. त्याचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलूत झाला, तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होते आणि गादीवर राजा कालाकाउआ होता. ड्यूक जेमतेम अडीच वर्षांचा असताना, जानेवारी १८९३ मध्ये, राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले. १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटे आपल्या अमलाखाली घेतली. ज्या देशाचा झेंडा छातीवर मिरवत ड्यूक पुढे ऑलिम्पिकमध्ये उतरला, तो देश त्याच्या जन्माच्या वेळी त्याचा नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे १९११ च्या त्या नकाराचा सल अधिक समजतो.

वडील पोलीस खात्यात होते. सहा भाऊ आणि तीन बहिणी असा मोठा संसार होता. वाइकिकीचा किनारा हेच या भावंडांचे अंगण. ड्यूकचे शालेय शिक्षण अर्धवटच राहिले. परंतु पाण्याचे शिक्षण मात्र अगदी बालपणापासून सुरू झाले होते. वडिलांनी आणि काकांनी नावेतून थेट समुद्रात टाकले आणि आपण पोहायला शिकलो, असे तो पुढे सांगत असे. किनाऱ्यावर पडेल ते काम करावे, पर्यटकांना नावेतून लाटांची सफर घडवावी, उरलेला दिवस पाण्यात काढावा, असा त्याचा तरुणपणीचा दिनक्रम होता. मित्रांसह त्याने ‘हुई नालू’ अर्थात लाटांचे मंडळ या नावाचा क्लब उभा केला. विल्यम रॉलिन्स नावाच्या वकिलाने त्याचा वेग हेरला, त्याला स्पर्धेसाठी तयार केले. बंदरातली ती ऐतिहासिक शर्यत याच तयारीचे फळ होते.

ड्यूकच्या पोहण्यात वेगळे काय होते? त्याचे पंजे आणि पावले असामान्य मोठी होती, हे खरे. पण खरे रहस्य त्याच्या पायांच्या हालचालीत होते. हातांच्या प्रत्येक पूर्ण फेऱ्यामागे पायांचे अनेक झपाट्याने पडणारे, लहान आणि लवचिक फटके तो मारत असे. त्यामुळे शरीर पाण्यावर उंच तरंगे आणि हातांच्या दोन फटक्यांमधला वेग ओसरत नसे. आज कोणत्याही तरणतलावावर मुक्तशैली शिकवताना प्रशिक्षक पायांची जी लय घोटवून घेतात, तिच्याशी नाते सांगणारी ही पद्धत होती. ड्यूकने ती पुस्तकातून घेतली नव्हती. पॅसिफिक महासागराच्या बेटांवर पोहण्याची जी परंपरा पिढ्यानपिढ्या चालत आली होती, तिच्यातच तो वाढला होता.

विक्रम नाकारला गेला, तेव्हा बेटावरच्या लोकांनी एकच मार्ग काढला. ड्यूकला अमेरिकेत पाठवायचे आणि तिथल्या पंचांसमोर, तिथल्या घड्याळांवर पोहायला लावायचे. वर्गणी गोळा झाली आणि १९१२ च्या प्रारंभी तो मुख्य भूमीकडे निघाला. उबदार समुद्रात वाढलेल्या या तरुणाला तिथल्या थंडीची सवय नव्हती. बंदिस्त तलावात भिंतीला स्पर्श करून वळण कसे घ्यायचे, हेही त्याला नव्याने शिकावे लागले. त्याने ते शिकून घेतले. निवड चाचण्यांत तो उत्तीर्ण झाला आणि स्टॉकहोम ऑलिम्पिकसाठी जाणाऱ्या अमेरिकी चमूत त्याची वर्णी लागली.

स्टॉकहोमची गंमत अशी की तिथेही बांधीव तलाव नव्हता. समुद्राच्या एका खाडीत १०० मीटरची जागा आखून शर्यती घेण्यात आल्या. प्राथमिक फेऱ्यांत ड्यूकने सर्वांना मागे टाकले. पण उपांत्य फेरीच्या वेळी अमेरिकी जलतरणपटू हजरच नव्हते! वेळापत्रकाच्या गैरसमजातून हा घोटाळा झाला. नियमानुसार त्यांचा मार्ग तिथेच खुंटायला हवा होता. अशा वेळी ऑस्ट्रेलेशियाच्या चमूतील सेसिल हीली या जलतरणपटूने आपल्याच प्रतिस्पर्ध्यांची बाजू उचलून धरली, असे सांगितले जाते. ड्यूकवाचून मिळालेल्या सुवर्णाला अर्थ नाही, अशी त्याची भूमिका होती. अखेर अमेरिकी जलतरणपटूंसाठी वेगळी उपांत्य शर्यत घेण्यात आली. ड्यूक अंतिम फेरीत पोहोचला आणि १ मिनिट ३.४ सेकंदांत त्याने सुवर्ण जिंकले. दुसरा आला सेसिल हीली. हातात आलेले सुवर्ण ज्याने आपल्या उमदेपणाने दूर सारले, तो हीली सहा वर्षांनी, ऑगस्ट १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर धारातीर्थी पडला.

सुवर्णपदक घेऊन ड्यूक स्टॉकहोमहून निघाला आणि त्याच महिन्यात हॅम्बुर्ग येथे त्याने १०० मीटरचे अंतर १ मिनिट १.६ सेकंदांत कापले. हा जागतिक विक्रम होता आणि या वेळी त्याला आक्षेप घेण्यास कोणाला जागा उरली नव्हती. बंदरातल्या त्या घड्याळांनी खोटे सांगितले नव्हते, हे साऱ्या जगाला कळून चुकले.

स्टॉकहोममध्ये ड्यूकसोबत आणखी एक अमेरिकी खेळाडू गाजला. मूळनिवासी वंशाचा जिम थॉर्प. त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्हींत सुवर्ण मिळवले. पण पूर्वी बेसबॉल खेळण्यासाठी त्याने किरकोळ मोबदला घेतल्याचे उघडकीस आले आणि १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेण्यात आली. त्याला पूर्ण न्याय मिळण्यास २०२२ साल उजाडावे लागले. हौशी खेळाचा नियम त्या काळी किती कठोर होता, याचे हे उदाहरण. ज्यांच्या घरी सुबत्ता होती, ज्यांना विद्यापीठांचा आणि श्रीमंत क्लबांचा आधार होता, त्यांना हा नियम जाचत नव्हता. किनाऱ्यावर मिळेल ते काम करणाऱ्या ड्यूकसारख्याला मात्र तो पावलोपावली भोवत होता. जगात सर्वांत वेगाने पोहायचे, देशोदेशी प्रदर्शने करायची, प्रेक्षकांची गर्दी खेचायची आणि घरी परतल्यावर पुन्हा पोटापाण्याचा प्रश्न समोर ठाकलेला पाहायचा. ड्यूकने हा नियम मोडला नाही.

१९१४ च्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियात गेला. २ जानेवारी १९१५ रोजी सिडनी येथे त्याने १०० यार्डांचे अंतर ५३.८ सेकंदांत पार केले. ज्या अंतराचा विक्रम साडेतीन वर्षांपूर्वी नाकारला गेला होता, त्याच अंतरात तो आता आणखी १.६ सेकंदांनी पुढे गेला होता. याच दौऱ्यात सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर, तिथल्याच लाकडातून घडवलेल्या फळीवर उभे राहून त्याने लाटांवर स्वार होण्याचे प्रात्यक्षिक दाखवले. ऑस्ट्रेलियाला सर्फिंगचे वेड लावणारा प्रसंग म्हणून त्याची नोंद घेतली जाते. ती फळी तिथल्या क्लबने आजही जपून ठेवली आहे.

जलतरणपटूच्या आयुष्यात पंचविशीच्या आसपासची वर्षे सोन्याची मानली जातात. ड्यूकची ती वर्षे युद्धाने गिळली. १९१६ चे बर्लिन ऑलिम्पिक झालेच नाही. युद्धकाळात निधी उभारण्यासाठी त्याने अमेरिकेत ठिकठिकाणी पोहण्याची प्रदर्शने केली. १९१८ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क येथे १ मिनिट १.४ सेकंद अशी वेळ नोंदवून त्याने स्वतःचाच जागतिक विक्रम सुधारला. त्याच वर्षी आलेल्या इन्फ्लुएंझाच्या जीवघेण्या साथीने त्यालाही गाठले. पण तो त्यातून बचावला.

१९२० मध्ये अँटवर्प येथे ऑलिम्पिक पुन्हा भरले, तेव्हा ड्यूक तिशीच्या उंबरठ्यावर होता. या वयात जलतरणपटू बहुधा प्रेक्षकांत बसलेले असत. मराठी वाचकांना या ऑलिम्पिकविषयी वेगळी आत्मीयता वाटावी. कारण सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने भारतातून जो छोटा चमू तिथे गेला, त्यात मॅरेथॉनपटू फडेप्पा चौगुले आणि मल्ल रणधीर शिंदे, कुमार नवले यांचा समावेश होता. चौगुले एकोणिसावे आले, तर शिंदे यांचे पदक थोडक्यात हुकून त्यांना चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. स्वतःच्या देशाचे राज्य हाती नसलेली ही मंडळी तिथे नशीब आजमावत होती, त्याच दिवसांत आपले राज्य गमावलेल्या बेटांचा हा सुपुत्र अँटवर्पच्या गार पाण्यात उतरला.

२४ ऑगस्ट १९२०. ड्यूकचा तिसावा वाढदिवस. त्याच दिवशी १०० मीटर मुक्तशैलीची अंतिम शर्यत झाली आणि ड्यूकने १ मिनिट ०.४ सेकंद अशी वेळ नोंदवत नवा जागतिक विक्रम केला. पण दैवाला ही भेट इतक्या सहज द्यायची नव्हती. आपल्या मार्गात अडथळा आला, अशी तक्रार ऑस्ट्रेलियाच्या एका जलतरणपटूने दुसऱ्या एका अमेरिकी स्पर्धकाविरुद्ध केली. पंचांनी संपूर्ण शर्यत पुन्हा घेण्याचा निर्णय दिला. ड्यूकचा या वादाशी काही संबंध नव्हता. तरीही तो पुन्हा पाण्यात उतरला आणि १ मिनिट १.४ सेकंदांत पुन्हा जिंकला. दुसरा आणि तिसरा क्रमांकही हवाईच्याच जलतरणपटूंनी पटकावला. शिवाय ४ × २०० मीटर रिले शर्यतीत जागतिक विक्रमासह आणखी एक सुवर्ण त्याच्या वाट्याला आले.

या शिखरावर निवृत्ती पत्करली असती, तर ड्यूकला कोणी दोष दिला नसता. पण तो थांबला नाही. एव्हाना जलतरणाच्या क्षितिजावर जॉनी वाइसमुलर हा नवा तारा उगवला होता. पुढे ‘टारझन’ म्हणून घराघरांत पोहोचलेला हाच तो. जुलै १९२२ मध्ये वाइसमुलरने १०० मीटरचे अंतर ५८.६ सेकंदांत पार करून ड्यूकचा विक्रम मोडला. मिनिटाचा उंबरठा ओलांडणारा तो पहिला जलतरणपटू ठरला. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोघे समोरासमोर आले, तेव्हा वाइसमुलर वीस वर्षांचा होता आणि ड्यूक चौतिशीला टेकला होता. २० जुलैच्या त्या अंतिम शर्यतीत वाइसमुलर ५९ सेकंदांत पहिला आला. ड्यूक दुसरा आणि त्याचाच धाकटा भाऊ सॅम तिसरा.

निकालपत्रावर ड्यूकच्या नावापुढे वेळ होती १ मिनिट १.४ सेकंद. या आकड्याकडे जरा थांबून पाहायला हवे. १९१८ मध्ये हीच वेळ जागतिक विक्रम ठरली होती. १९२० मध्ये पुन्हा घेतलेल्या शर्यतीत याच वेळेने त्याला सुवर्ण मिळवून दिले होते. आणि बारा वर्षांपूर्वी स्टॉकहोममध्ये ज्या वेळेवर त्याने पहिले सुवर्ण जिंकले, तिच्यापेक्षा ती बरोबर दोन सेकंदांनी कमी होती. म्हणजे बाविशीच्या आतल्या ड्यूकला चौतिशीतल्या ड्यूकने सहज हरवले असते. पॅरिसमध्ये तो मागे पडला, तो वयाने मंदावल्यामुळे नव्हे. जग त्याच्यापुढे गेले होते इतकेच. त्याने आपली पातळी तसूभरही सोडली नव्हती. रौप्यपदकाचे असे मोल फार थोड्या खेळाडूंच्या वाट्याला येते.

पॅरिसनंतरचे वर्ष त्याच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठ्या शर्यतीचे ठरले. १४ जून १९२५ रोजी कॅलिफोर्नियातील कोरोना डेल मार येथे खवळलेल्या समुद्रात ‘थेल्मा’ नावाची मासेमारी बोट उलटली. किनाऱ्यावर असलेला ड्यूक आपली फळी घेऊन लाटांत शिरला. पुनःपुन्हा आत जाऊन त्याने एकट्याने आठ जणांना बाहेर काढले. पाच जण बुडाले, बारा वाचले. या घटनेनंतर समुद्रावरील जीवरक्षक बचावकार्यासाठी अशा फळ्यांचा वापर करू लागले. या शर्यतीत ना घड्याळ होते, ना पदक.

याच सुमारास त्याने हॉलिवूडची वाट धरली. मात्र तिथे त्याच्या वाट्याला आल्या त्या टोळीप्रमुख, चाचे, बेटांवरचे रहिवासी अशा दुय्यम भूमिका. त्याच्यामागून आलेला वाइसमुलर १९३२ मध्ये टारझन होऊन कीर्ती आणि संपत्ती दोन्ही मिळवून गेला. ड्यूकच्या रंगाच्या माणसाला नायक करण्याची त्या काळच्या चित्रपटसृष्टीची तयारी नव्हती. २४ ऑगस्ट १९२७ रोजी, त्याच्या सदतिसाव्या वाढदिवशी, महायुद्धात बळी पडलेल्या हवाईच्या सैनिकांच्या स्मरणार्थ वाइकिकी येथे खाऱ्या पाण्याचा भव्य तरणतलाव खुला झाला. त्या पाण्यात पहिला सूर मारण्याचा मान ड्यूकला मिळाला. मानाला तोटा नव्हता. पण मानावर घर चालत नाही. तिहेरी ऑलिम्पिक सुवर्णविजेत्या या माणसाने होनोलुलूत नगर कार्यालयाच्या इमारतीची देखभाल केली, पेट्रोल पंपही चालवला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकवेळी तो एकेचाळीस वर्षांचा होता. तेव्हाही अमेरिकेच्या वॉटर पोलो संघात राखीव खेळाडू म्हणून त्याचे नाव होते.

अखेर बेटावरच्या लोकांनीच त्याला आधार दिला. १९३४ मध्ये तो होनोलुलूचा शेरीफ म्हणून निवडून आला आणि सलग तेरा वेळा लोकांनी त्याच्यावर विश्वास टाकला. १९४० मध्ये, पन्नाशीला आलेला असताना, त्याने नृत्यशिक्षिका नादीन अलेक्झांडर हिच्याशी विवाह केला. १९५९ मध्ये हवाईला अमेरिकेच्या राज्याचा दर्जा मिळाला. पुढे शेरीफपद रद्द झाले, तेव्हा पाहुण्यांचे अधिकृत स्वागत करण्याची जबाबदारी राज्याने त्याच्यावर सोपवली. १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण गौरव दालनात पहिल्याच तुकडीत त्याचा समावेश झाला. २२ जानेवारी १९६८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. वय होते सत्त्याहत्तर. वाइकिकीच्या समुद्रात, जिथे तो पोहायला शिकला, तिथेच त्याच्या अस्थी विसर्जित करण्यात आल्या.

त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, मे १९७० मध्ये, अमेरिकेतील अमॅरिलो या शहरात एक आगळी स्पर्धा भरली. नौदलातील डॉक्टर रॅन्सम आर्थर यांच्या प्रयत्नांतून साकारलेली ही प्रौढ जलतरणपटूंची पहिली राष्ट्रीय स्पर्धा. पोहणे विशी-बाविशीत संपू नये, प्रौढांनाही सरावाचे आणि चुरशीचे निमित्त मिळावे, हा तिचा हेतू होता. पुढे ती ‘मास्टर्स’ जलतरण म्हणून जगभर पसरली आणि १९८६ मध्ये टोकियो येथे पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा झाली. पाच-पाच वर्षांचे वयोगट, प्रत्येक गटाचे स्वतंत्र विक्रम आणि ते मोडण्यासाठी झटणारे माजी ऑलिम्पिकपटू हे दृश्य आता सर्वपरिचित झाले आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये डॅरा टोरेस हिने एकेचाळिसाव्या वर्षी तीन रौप्यपदके जिंकली, तेव्हा जग थक्क झाले होते. ड्यूकच्या काळात असे वयोगट नव्हते. चौतिशीतल्या माणसासाठी वेगळी शर्यत नव्हती, वेगळा विक्रम नव्हता. त्याला विशीतल्या पोरांच्याच रांगेत उभे राहावे लागले आणि तो उभा राहिला.

मुंबई-पुण्याच्या तरणतलावांवर भल्या पहाटे चाळिशी-पन्नाशीतली अनेक माणसे नित्यनेमाने पोहताना दिसतात. काही जण तर काठावरच्या घड्याळाकडे चोरून पाहतही असतात. कालच्यापेक्षा आज अर्धा सेकंद कमी लागला, तर त्यांचा दिवस आनंदात जातो. त्या अर्ध्या सेकंदाला बक्षीस नसते, बातमी नसते. ड्यूक कहानामोकूची पदके आणि विक्रम आता इतिहासजमा झाले आहेत. आजची शाळकरी मुलेही त्याच्या वेळा मागे टाकतात. पण आपले घड्याळ खरे आहे, हे दुसऱ्याने मानो वा न मानो, आपण पोहत राहावे, हा त्याचा धडा मात्र जुना झालेला नाही.